उंट वाळवणातून चालला होता

परवा मला जाग आली ती शांततेमुळे. सुरतेच्या नवागाममध्ये राहणाऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही, पण बाहेरच्यांसाठी सांगते. आमच्या गल्लीच्या मागे लूमची खाती आहेत. खातं म्हणजे कापड विणायचा कारखाना. वर्षभर ती रात्रंदिवस खडखडत असतात. भिंतीला हात लावला तर भिंत बारीक थरथरते, पेल्यातलं पाणीही हलत असतं. त्या आवाजात आम्ही जेवतो, भांडतो, झोपतो. मग दिवाळीच्या तोंडावर एके दिवशी मशीन बंद होतात, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सगळी गल्ली काहीतरी हरवल्यासारखी अंथरुणात उठून बसते.

सुरतेत खरी सुट्टी हीच. पिशव्या भरल्या जातात, पोरांच्या अंगावर नवे कपडे चढतात, रिक्षा भरभरून उधना स्टेशनकडे निघतात. कुणी नंदुरबार, कुणी धुळं, कुणी जळगाव. दोन दिवसांत गल्ली रिकामी होते. मागे राहतात तुळशीपाशी अर्धवट रेखलेल्या रांगोळ्या, तळणाचा वास, आणि आमच्यासारखी दोन-चार घरं. मशीन थांबल्यावर किती गोष्टी ऐकू येतात! चिमण्या आहेत हे कळतं. शेजारचा कुकर कळतो. आणि मला दर वर्षी, या शांततेत, सात वर्षांपूर्वीचा एक बारीक, घाबरलेला आवाज आठवतो. तो आवाज माझ्या मुलीचा, हर्षालीचा. आता ती अकरावीत आहे. तेव्हा नऊ वर्षांची होती, चौथीत.

आधी माझं सांगते, कारण चूक माझी होती.

मी अमळनेरच्या बाजूच्या एका खेड्यातली. आमच्या ग्रामपंचायतीच्या खोलीत पुस्तकांचं एक लोखंडी कपाट होतं. तिथला शिपाई दुपारी झोपायचा, आणि झोपण्याआधी मला किल्ली देऊन टाकायचा. मी काय नेते, काय परत आणते, त्याने कधी पाहिलं नाही. त्या कपाटातलं जवळजवळ सगळं मी वाचलं, समजलेलं आणि न समजलेलंही. बारावी झाले, लग्न झालं, सुरतेला आले. नवरा लूमवर. घरात पुस्तक म्हणून एक कॅलेंडर. तेव्हाच मी ठरवून टाकलं होतं की मला मूल होईल ते वाचणारं होईल.

आणि मग मी हर्षालीला वाचन पाजायला लागले. पाजायला हाच शब्द बरोबर आहे, ताप आल्यावर कडू औषध पाजतात तसं. शाळेतून आली की भाषेचं पुस्तक समोर. रोज दोन पानं. चुकली की पुन्हा पहिल्यापासून. 'ऱ्हस्व वेलांटी दिसत नाही का तुला?' 'मी तुझ्या वयाची असताना...' हे वाक्य तर मी इतक्यांदा म्हटलं, की एकदा ती स्वतःच म्हणाली, "माहितीये मम्मी, तू माझ्या वयाची असताना सगळं कपाट वाचलं होतं."

एकदा तिचं पुस्तक सापडेना. दोन दिवस शोधलं. तिसऱ्या दिवशी भाकरी टाकायला बसले, कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, पिठाच्या डब्यात हात घातला तर आत काहीतरी कडक लागलं. पुस्तक! पिठात पार खोल पुरलेलं. मी ते झटकत बाहेर आले तेव्हा हर्षाली दाराआड उभी होती. आज ही गोष्ट आमच्या घरात पाहुण्यांना हसत सांगतात. त्या दिवशी मी हसले नव्हते. मी तिच्या पाठीत धपाटा घातला होता.

त्या वर्षी दिवाळीच्या आधी दोन गोष्टी घडल्या. हर्षालीच्या पप्पांच्या हातून बीम निसटला. बीम म्हणजे सूत गुंडाळलेला जाडजूड लोखंडी रूळ. तो त्यांच्याच पायावर पडला. हाड मोडलं, प्लास्टर झालं, सहा आठवडे पाय वर ठेवून बसायचं. त्यांच्या खिशातून पडलेल्या मोबाईलचाही त्याच वेळी चुरा झाला. पाय असा, म्हणून गावी जाणं रद्द.

दुसरी गोष्ट, व्हेकेशन लागायच्या दिवशी शाळेतल्या बाईंनी मला बोलावून घेतलं. शाळा मराठी माध्यमाची. बाई सावकाश, समजुतीने बोलणाऱ्या. म्हणाल्या, "हर्षालीला अक्षरं येतात. पण वर्गात वाचायला उभी केली की हिचा आवाजच निघत नाही. ही पहिल्या बाकावर बसते, तरी मला ऐकू येत नाही. सुट्टीनंतर सगळ्यांचं प्रकट वाचन घेणार आहे. घरी जरा बघा."

'जरा बघा' म्हटल्यावर मी काय करणार हे हर्षालीला माहीत होतं. घरात आल्यावर दप्तर टाकून म्हणाली, "मी आता शाळेतच नाही जाणार. मी शोभाताईंबरोबर साडीला डायमंड चिकटवीन."

शोभाताई वरच्या मजल्यावर राहतात, घरी बसून साड्यांच्या काठावर खडे चिकटवायचं काम करतात. नऊ वर्षांची पोर सहज बोलून गेली, पण आमच्या गल्लीत असं सहज बोललेलं खरं झालेल्या मुली मी पाहिल्या होत्या. चौथीतून सुटलेल्या, पाचवीतून सुटलेल्या, बोटांना गोंद लागलेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिला दारापुढच्या ओट्यावर बसवलं आणि पुस्तक उघडलं. एका धड्यावर आम्ही दीड तास होतो. शेवटी ती रडत होती आणि मी ओरडत होते, आणि मशीन बंद असल्यामुळे माझं ओरडणं अख्ख्या गल्लीला ऐकू जात होतं. ओट्यावरच खाट टाकून हे पाय पसरून बसले होते. ते अहिराणीतच बोलतात, घरात आम्ही सगळेच; इथे बरंचसं मी मराठीत करून सांगतेय. एवढंच म्हणाले, "ऱ्हाऊ दे तिले."

"मग तुम्हीच शिकवा!" असं म्हणून मी आत गेले आणि शेव पाडायचा सोऱ्या घेऊन बसले. चौथी शिकलेला माणूस. तेही तीस वर्षांपूर्वी. काय शिकवणार होते?

त्याच दुपारी तायडेकाका त्यांना बघायला आले. तायडेकाका मूळचे भुसावळकडचे, रेल्वेतून निवृत्त झालेले, आमच्या समोरच्या घरात एकटेच राहतात. पांढरा स्वच्छ शर्ट, खिशाला पेन. त्यांच्या घरात शिरलं की समोर दिसतं ते पुस्तकांचं कपाट. आजारी माणसाला बघायला लोक केळी आणतात, काकांनी पुस्तक आणलं. कव्हर गेलेलं, कडा मऊ झालेल्या. हर्षालीकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. पुस्तक यांच्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाले, "सुभाष, बसून बसून कंटाळशील. हे वाच. एका उंटाची गोष्ट आहे, चांगली आहे."

काका गेल्यावर यांनी ते पुस्तक उलटंसुलटं करून पाहिलं. जरा वेळाने पायाला रग लागल्यासारखं केलं, आणि ओट्याच्या टोकाला पाठमोऱ्या बसलेल्या लेकीला हाक मारली.

"हर्षा, हाई काय शे, जरा सांग बरं माले."

ती आली. पुस्तकाकडे संशयाने पाहिलं. यांच्या हातात पट्टी नव्हती, चेहऱ्यावर मास्तरकी नव्हती. एक माणूस होता, ज्याला पुढे काय लिहिलंय ते माहीत नव्हतं. ती खाटेच्या कडेला टेकली आणि पुटपुटायला लागली.

"जोरमा वाच बेटा. माले आयकू येस नही."

हे खोटं नव्हतं. वीस वर्षं लूममध्ये काम केलेल्या माणसाचे कान जे होतात ते त्यांचे झाले होते. हळू बोललेलं त्यांच्यापर्यंत पोचतच नाही. हर्षालीने आवाज थोडा चढवला. त्यांनी मान हलवली, नाही. अजून चढवला. अजून नाही. शेवटी ती चिडून जवळजवळ ओरडलीच, "एक होता उंट!"

"हां," हे समाधानाने म्हणाले. "मंग?"

आत सोऱ्या फिरवता फिरवता माझा हात थांबला.

त्या उंटाने कुणाकडून तरी ऐकलं होतं की जगात एक जागा अशी आहे जिथे पाणी संपतच नाही. म्हणून तो समुद्र शोधायला निघाला. हर्षाली अडखळत होती, शब्द तोडत होती, ओळ चुकत होती, पण आवाज सोडत नव्हती, कारण सोडला की पप्पा कानाला हात लावायचे. एका ठिकाणी तिने खणखणीत वाचलं, "उंट वाळवणातून चालला होता. सगळीकडे वाळवणच वाळवण."

मी तोंड उघडलं आणि कसं कोण जाणे, मिटलं. ओट्यावर हे विचारात पडले होते.

"कोना पापड तुडवी ऱ्हायना तो?"

"काय?"

"अगं, वाळवण म्हंतीस ना तू. पापड, कुरडया. लोकांनी खाटांवर घातलेलं. त्यातून चालला तर बाया सोडतील का त्याला?"

हर्षालीने पुस्तकात पाहिलं. मग पप्पांकडे पाहिलं. मग नाक पानाला लागेल इतकं जवळ नेऊन तिने तो शब्द पाहिला, आणि इतक्या मोठ्याने किंचाळली की वरून शोभाताई डोकावल्या.

"वाळवंट! पप्पा, वाळवंट आहे ते! वाळवण नाही!"

आणि ते दोघं हसायला लागले. हे तर पोट धरून, प्लास्टरचा पाय खाटेवर आपटत. हर्षालीला हसू आवरेना. "पापडावरून चालला!" म्हणत ती जमिनीवर लोळली. मीही आत एकटीच, पिठाचे हात तोंडावर दाबून हसत होते. चूक झाली होती, आणि कुणी रडत नव्हतं. चूक झाली होती आणि ती तिची तिने शोधली होती. अशी गोष्ट माझ्या घरात त्याआधी घडली नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी तिला वाचायला बसवलं नाही. दुपारी पप्पांनीच हाक मारली, "हर्षा, त्या उंटाचं काय झालं ते बघ बरं." ती पळत गेली. तिसऱ्या दिवशी हाक मारावी लागली नाही. शोभाताईंनी आपलं साडीचं काम खाली आणलं, आमच्या ओट्यावर. काठावर खडे चिकटवत त्या विचारायच्या, "काय गं, काल कुठवर आला होता उंट?" तायडेकाकाही खुर्ची घेऊन यायचे. ते सगळं पुस्तक वाचून बसलेले, पण पुढचं काही सांगायचे नाहीत. नुसते मिशीत हसायचे.

हे मात्र गप्प ऐकणाऱ्यांतले नव्हते. ते उंटाशी वाद घालायचे. "समुद्राचं पाणी खारट असतं हे त्याला कुणी सांगितलं नाही का? एवढा चालतोय येडा!" हर्षाली उंटाची बाजू घ्यायची. "त्याला प्यायचं नाहीये पप्पा, त्याला बघायचंय." "बघायला एवढं चालतं का कुणी?" मग दोघांची जुंपायची, आणि कोण बरोबर हे ठरवायला पुढचं पान उघडावं लागायचं.

ऐकू नीट यावं म्हणून हे तिच्या खांद्याला खांदा लावून बसायला लागले. तिचं बोट ओळीवरून सरकायचं, त्यांची नजर त्या बोटामागून जायची. तेव्हा मला त्यात काही विशेष वाटलं नाही. एकदा ती ओळीच्या मध्येच पाणी प्यायला उठली. मी दारात तांदूळ निवडत होते. हे पुस्तकावर वाकले, ओठ हलले, आणि अगदी हळू, स्वतःशीच, ते म्हणाले, "स... मु... द्र." मग इकडेतिकडे पाहिलं, कुणी ऐकलं तर नाही ना म्हणून. मी पटकन तांदळात मान घातली.

धनत्रयोदशीला मी काकांकडे फराळाचं ताट घेऊन गेले. मनात होतं ते बोलून टाकलं. "काका, मी दोन वर्षं घसा फोडला. यांनी तर काही केलंच नाही, नुसतं ऐकलं."

काका म्हणाले, "आमचा बाप निरक्षर होता, पोरी. सही म्हणजे अंगठा. पण संध्याकाळी हातपाय धुऊन बसला की मला म्हणायचा, आज काय वाचलंस ते सांग. रोज. मी काही नाही वाचलं असं म्हटलं की त्याचं तोंड एवढंसं व्हायचं. त्याला सांगायला काहीतरी हवं म्हणून मी वाचायला लागलो." मग चकली मोडत म्हणाले, "तुला कुणी शिकवलं गं वाचायची आवड?"

मला तो शिपाई आठवला. उघड्या तोंडाने झोपलेला, उशाशी टोपी. त्याने मला काहीच शिकवलं नव्हतं. पुस्तकातून काय बोध घेतलास असं विचारलं नव्हतं. फक्त किल्ली दिली होती. इतकी वर्षं मी समजत होते की वाचनाची आवड माझ्या हुशारीतून आली. ती आली होती कुणीतरी मोकळं सोडल्यामुळे. आणि मी माझ्याच लेकीच्या मानगुटीवर बसले होते.

लक्ष्मीपूजनाच्या दुपारी उंट समुद्रापाशी पोचला. तो काय करतो ते मी इथे सांगत नाही, पण शोभाताईंनी पदराने डोळे पुसले. हर्षालीने पुस्तक मिटलं आणि म्हणाली, "काका, दुसरं द्या."

"माझ्याकडे कशाला मागतेस?" काका म्हणाले. "दार उघडं आहे, कपाट उघडं आहे. जा, घेऊन ये."

ती गेली ती अर्धा तास आलीच नाही. आली तेव्हा तिच्या छातीशी एक पातळ पुस्तिका होती. शेळीपालनाची! वर करडाचं चित्र होतं, काळं-पांढरं, लांब कानांचं. म्हणून आणली. एवढ्या कपाटातून! माझ्या जिभेवर आलं होतं, अगं हे काय, गोष्टीचं काहीतरी आण. पण मी तेवढ्यात शिकले होते. मी दिवे घासायला घेतले.

आणि सांगते, आमच्या घरात त्या शेळीपालनाएवढं रंगलेलं दुसरं पुस्तक नाही. हे लहानपणी गावी शेळ्या चारायचे. हर्षाली वाचायची, 'शेळ्यांना कोरडी जागा लागते', आणि हे उठून बसायचे, "बरोबर! पावसात आमची चांदी शेळी ओट्यावरून खाली पाय ठेवायची नाही." पुस्तकात एका पाल्याचं नाव चुकलंय अशी त्यांची खात्री होती. चांदी शेळीच्या चार गोष्टी हर्षालीला त्याआधी माहीत नव्हत्या, मलाही माहीत नव्हत्या. लग्नाला अकरा वर्षं झाली होती. पाडव्याला ओवाळताना मी यांच्याकडे पाहिलं आणि मला तो शेळ्यांमागे धावणारा मुलगा दिसला.

लाभपंचमी झाली. गावाहून माणसं परतली, आणि एका सकाळी मागची मशीन पुन्हा खडखडायला लागली. भिंत थरथरायला लागली. मला वाटलं, संपलं. पण हर्षालीने त्या दुपारी खडखडाटाच्याही वर आवाज काढला. रस्त्यावरचा भाजीवाला थांबून बघायला लागला. खाटेवरून हे अभिमानाने त्याला म्हणाले, "मनी अंडेर वाची ऱ्हायनी." माझी मुलगी वाचतेय. तो बिचारा उत्तरेकडचा, त्याला काय कळलं देव जाणे, पण तो म्हणाला, "बहुत बढ़िया," आणि कोथिंबिरीची एक काडी जास्त टाकून गेला.

शाळा उघडली. प्रकट वाचनाच्या दिवशी मी सकाळपासून कामात चुकत होते. भाजीत मीठ दोनदा पडलं. हर्षाली आली ती दप्तर हवेत फिरवत.

"मम्मी, बाईंनी मला काय सांगितलं माहितीये?"

"काय?"

"हळू वाच!"

मला कळेना. मग तिने सांगितलं. ती उभी राहिली आणि पप्पांना वाचून दाखवते तसं वाचायला लागली. वर्ग दचकला. शेजारच्या वर्गातल्या बाई दारात येऊन उभ्या राहिल्या. तिच्या बाई हसत हसत हात खाली करत म्हणाल्या, "अगं हळू, हळू, सगळ्यांना ऐकू येतंय!" ती तीन ठिकाणी अडखळली, एक शब्द साफ चुकला. "मग?" मी विचारलं. "मग काय, मी परत बघितला आणि बरोबर वाचला," ती म्हणाली, आणि ताट वाढून घेऊन खारट भाजी न बोलता खायला लागली.

त्यानंतर सगळं गोड झालं असं नाही. तेरा वर्षांची झाल्यावर एक वर्षभर तिने मोबाईलशिवाय कशाला हात लावला नाही. माझा जीव तळमळला, पण मी पिठाचा डबा आठवत गप्प राहिले. मग एक दिवस ती गुजराती रहस्यकथा घेऊन आली, मैत्रिणीकडून. आता तिच्या उशाशी तीन भाषा असतात, मराठी, गुजराती, हिंदी. काही पुस्तकं मला आवडत नाहीत. ते मी तिला सांगत नाही. शाळेच्या वाचनालयातून ती दर आठवड्याला काहीतरी आणते, आणि तिचं वाचून झालं की ते घरभर फिरतं.

या दिवाळीत आणलेली एक कादंबरी मी परवाच संपवली. आज सकाळी चहा घेऊन ओट्यावर आले. ऊन अंगणात उतरलेलं, गल्लीत कुणी नाही. हे चष्मा लावून बसले होते, मांडीवर तीच कादंबरी, बोट ओळीखाली. पान उलटायच्या आधी ते अजूनही बोट ओलं करतात. मला राहवलं नाही. बाजूला टेकले आणि म्हटलं, "छान आहे ना? शेवटी ती बाई काय करते माहितीये का तुम्हाला..."

त्यांनी पुस्तकातून मान वर न काढता तळहात माझ्यापुढे धरला.

"सांगू नको. मनी आजून चार पानं बाकी शेतस."

मी चहाचा कप त्यांच्या हाताशी ठेवला आणि चार पानं होईपर्यंत शेजारी बसून राहिले.